माशाची साक्ष

संपादकांना आधीच एक विनंती आहे. हे छापताना वर 'भुताची गोष्ट' असं काही घालू नये. यात भूत नाही... निदान मला तरी ते दिसलं नाही. मी बावीस वर्षं शाळेत मुलांना सायन्स शिकवतो. चकवा, करणी, अंगात येणं या सगळ्याची मी वर्गात यथेच्छ टिंगल केली आहे. आमच्या घरी देवापुढे दिवा लागतो तो वहिनी लावतात म्हणून लागतो. असा मी माणूस — आणि गेली पाच वर्षं एका माशापुढे हरून बसलो आहे. ते सांगायचं आहे. शिवाय एक कबुली द्यायची आहे. ती तोंडानं कुणापाशी देता आली नाही, म्हणून कागदावर देतो.

आमचं घर नागपुरात नाईक तलावाजवळ, कोष्ट्यांच्या वस्तीत. घरात दोन माग, मागे विहीर, विहिरीपाशी जमिनीत अर्धी पुरलेली निळीची मडकी. वडील लवकर गेले. माझा भाऊ गणपत माझ्याहून तीन वर्षांनीच मोठा, पण त्यानं मला शिकवलं. "तू कागद काळे कर, मी हात निळे करतो," असं म्हणायचा. सूत रंगवून रंगवून त्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. रंग धुऊन जायचा नाही. लग्नात हळद लावली तर हात हिरवे दिसायला लागले, त्यावरून वहिनीच्या माहेरचे लोक कितीतरी दिवस हसत होते.

सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबाच्या मडमेला दादानं पडद्यांचं कापड रंगवून दिलं होतं. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा मडमेनं सामान वाटून टाकलं आणि दादाच्या वाट्याला आली एक काचेची पेटी — दोन हात लांब, आत सहा लाल मासे. ती मांडीवर धरून तो टांग्यानं घरी आला. टांगेवाला दारात उतरवून देताना म्हणाला, "काहो, हे खायचे का पाह्यचे?"

"पाह्यचे," दादा म्हणाला. "अन् हे बी आपल्याले पाह्यतात."

पेटी आम्ही पुढच्या खोलीत लाकडी घडवंचीवर ठेवली. तिची जागा नीट सांगतो, कारण पुढे तिचं काम आहे. खोलीत खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं की रस्त्याचं दार डाव्या हाताला, स्वयंपाकघराचं दार उजव्या हाताला, आणि पेटी समोरच्या भिंतीशी, खिडकीखाली. एका दारातून दुसऱ्या दाराकडे जाणाऱ्या माणसाला पेटीसमोरून जावंच लागतं. पेटीत एक काळा दगड होता. मासे एरवी त्याच्यामागे असत.

दादा आला की मात्र ते दगडामागून निघत, काचेला तोंडं लावत, आणि तो डावीकडून उजवीकडे चालला की तेही काचेलगत डावीकडून उजवीकडे जात. तो थांबला की थांबत. त्यांच्यातल्या एकाची शेपटी फाटलेली होती, तो सगळ्यांच्या पुढे असे. त्याला दादा 'पाटील' म्हणायचा.

"मले वळखतात हे," दादा म्हणायचा.

"चारा टाकतो म्हणून येतात," मी म्हणायचो.

"चारा तर तुही वहिनी बी टाकते."

ते खरं होतं. वहिनी चारा टाकत, मीही टाकत असे. आम्हाला कोणी विचारत नव्हतं. मला या गोष्टीचा राग यायचा, आता लिहायला हरकत नाही. एका रविवारी मी रीतसर परीक्षा घेतली. दादा, मी आणि शेजारचा एक माणूस, तिघांनी सारखी धोतरं नेसली आणि डोक्या-तोंडाला सारखी फडकी गुंडाळली. चारा कुणाच्याच हातात नाही. मासे दादाकडे आले. मला वाटलं निळे हात ओळखत असतील, म्हणून हात झाकले. तरी दादाकडेच. मग पावलांचा धक्का कळत असेल म्हणून जमिनीवर गोधड्या अंथरल्या. तरी दादाच. तो हसून हसून खोकायला लागला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "भाऊजी, यायले त मी बी तोंड झाकून वळखते. मले बी टाकता का पेटीत?"

दादा म्हणाला, "मास्तर झाला गा तू बापू, पण पाह्यचं विसरून गेला."

मला ते लागलं. त्याच आठवड्यात मी पेटी शाळेत दाखवायला मागितली. तो नाही म्हणाला, मासे जागा बदलून मरतील म्हणाला. मी बोलून गेलो, "आपल्या माणसापेक्षा मासे जास्त झाले का तुले?" त्यावर तो म्हणाला, "मासे मले परीक्षा द्यायले लावत नाहीत." दुसऱ्या दिवशी सकाळी रंगवलेलं सूत खाप्याच्या विणकरांना पोचवायला तो निघून गेला. मी जागा होतो, पण उठलो नाही.

श्रावण होता. कन्हान नदीला पूर आला. पाच दिवस दादा परतला नाही तेव्हा मी खाप्याला गेलो. गावाच्या खालच्या अंगाला, काठावरच्या बाभळीत एक प्रेत अडकलं होतं. चेहरा राहिला नव्हता. पण दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. गावचा कोतवाल नाकाला फडकं लावून उभा होता. म्हणाला, "मास्तर, तुमचाच का?"

मी म्हणालो, "हो."

हो म्हणायला मला किती वेळ लागला असेल? श्वास घ्यायला लागतो तेवढा. तिथेच काठावर मी आग दिली आणि घरी आलो. माझ्या त्या एका शब्दावर वहिनींच्या बांगड्या फोडल्या.

खापा हे विणकरांचं गाव. तिथे घरोघरी सूत रंगतं, घरोघरी निळ्या हातांची माणसं आहेत. दुसरा कुणी चुकला असता तर समजून घेता आलं असतं. मी कोष्ट्याचा मुलगा. निळे हात बघून 'हा माझा भाऊ' म्हणणं म्हणजे पागोटं बघून माणूस ओळखण्यासारखं आहे, हे मला तिथे उभं असताना कळायला हवं होतं. ते मला कळलं सहा वर्षांनी.

त्या सहा वर्षांत पेटी मीच सांभाळली. उन्हाळ्यात तिच्याभोवती ओली पोती बांधली, विहिरीचं पाणी घागरीत रात्रभर ठेवून मग घातलं. सहापैकी तीन मासे उरले, पाटील त्यांत होता. तिघांपैकी एकही कधी माझ्यासाठी काचेशी आला नाही. मी चारा टाकून बाजूला होईपर्यंत ते दगडामागे थांबायचे. आलेगेले, पाहुणे, शेजारी, कुणासाठीच ते येत नसत.

मग एका वैशाखात, भर दुपारी, दारात एक माणूस उभा राहिला.

"बापू हाय का?"

मी विचारलं, "कोण पाहिजे?"

"अरे... मी गणपत."

अंगावर नुसती हाडं. डोक्यावर केस नाहीत, चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला, उजवा डोळा पांढरा झालेला. आवाज घोगरा. हात साध्या माणसाचे — पण रंग सोडला की दोन-तीन महिन्यांत हात उजळतात, त्यावरून काहीच ठरत नाही. पुरातून कुणीतरी काढलं म्हणाला. पुढे मजूर भरती करणाऱ्यांनी आसामच्या चहामळ्यात नेलं, तिथे देवी आल्या, लिहायला येत नव्हतं, लिहून देणारं कुणी भेटलं नाही. अशा गोष्टी त्या काळी आपल्या प्रांतात घडत होत्या. खोट्याही सांगितल्या जात होत्या.

मी त्याला आत घेतलं. तो रस्त्याच्या दारातून स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बसायला गेला, म्हणजे पेटीसमोरून. पेटी त्याच्या डाव्या, चांगल्या डोळ्याच्या बाजूला होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

पण पाटील दगडामागून बाहेर आला.

त्याच्यामागून बाकीचे दोन. काचेला तोंडं लावून ते त्याच्याबरोबर डावीकडून उजवीकडे गेले. तो खाली बसला तिथे, त्या टोकाला, थांबले. आणि तो बसला होता तितका वेळ ते तिथून हलले नाहीत.

हे मी पाहिलं. माझ्या दोन डोळ्यांनी, भर दुपारच्या उजेडात पाहिलं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो 'दादा आला' हा नव्हता. पहिला विचार आला — मग मी जाळलं कुणाला?

तासाभरात जातीचे तीन पंच आले. त्यांतले वडीलधारे होते महादेवबुवा, आमच्या वडिलांचे सोबती. त्यांनी विचारायला सुरुवात केली. वडिलांचं नाव? बरोबर सांगितलं. आजीचं माहेर? उमरेड, तेही बरोबर. घरात माग किती? तो म्हणाला, तीन. आमच्याकडे कायम दोनच.

"निळीचं मडकं तयार झालं हे तू कसं वळखत होता?" महादेवबुवांनी विचारलं.

"वासानं."

मी मान खाली घातली. दादा बोट बुडवून जिभेला लावायचा. त्याची जीभसुद्धा निळी असायची.

"आता का सांगावं गा," महादेवबुवा पंचांकडे वळले. "अर्धं जमते, अर्धं जमत नाही. सहा वर्षं तापानं फणफणला असन त विसरला बी असन. नाही त दुसऱ्या कोणाजोळून ऐकून आला असन." मग माझ्याकडे पाहिलं. "बापू, आग तू देल्ली. तूच सांग. हा गणपत हाय का नाही?"

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. त्यामागे वहिनी होत्या.

हो म्हणालो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब मी त्या क्षणी केला. खाप्याचा कुणाचा तरी मुलगा मी परक्या हातानं जाळला, आणि त्याची आई अजून वाट पाहते आहे. जिवंत माणसाच्या बायकोच्या बांगड्या मी फोडायला लावल्या. आणि हे कुणी केलं, तर वस्तीतल्या एकुलत्या एका शिकलेल्या माणसानं. साक्ष काय, तर मासा! पंचांपुढे उठून मी सांगणार होतो, की माशानं ओळखलं?

मी म्हणालो, "हा माझा भाऊ नव्हे."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. भांडला नाही, रडला नाही. "बरं गा," म्हणाला. तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायला, गाठोडं उचललं, आणि लोटलेल्या दाराकडे पाहून म्हणाला, "येतो." परत पेटीसमोरून गेला. मासे त्याच्याबरोबर दाराकडच्या टोकाला गेले.

मी स्टेशनवर त्याला शोधायला गेलो. पण दोन दिवसांनी गेलो. आज लिहितो आहे तर पूर्ण लिहितो — सापडू नये म्हणूनच दोन दिवसांनी गेलो.

त्यानंतर माझं डोकं या एका प्रश्नात अडकलं. मासा माणसाला ओळखतो का, आणि किती? खरंच ओळखत असेल, तर मी भावाला दारातून परत पाठवलं. नसेल, तर मी एका भामट्याला परत पाठवलं आणि मोकळा झालो. म्हणून मी मोकळा व्हायला धडपडत राहिलो. देवीचे व्रण असलेला एक माणूस कळमन्याहून आणून पेटीसमोरून चालवला. मासे आले नाहीत. एका डोळ्यानं अधू असलेला एक जण आणला. नाहीत. दादाचं जुनं पागोटं मी स्वतः बांधलं. एकदा वहिनी घरी नसताना निळीच्या मडक्यात हात कोपरापर्यंत घातले आणि निळे हात घेऊन पेटीसमोर उभा राहिलो. पाटील दगडाआडून बाहेरसुद्धा आला नाही. पुढे दोन महिने वर्गात पोरं माझ्या हातांकडे बघून कुजबुजत होती.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांना गाठलं. ते म्हणाले, माशाला जवळचं बरं दिसतं, लांबचं अंधुक. रंग कळतात. रोज चारा घालणारा माणूस तो ओळखत असेल, त्यात नवल नाही. पण सहा वर्षांनी, केस गेलेले, चेहरा बदललेला, चाल बदललेली... ते हसले. "मास्तर, माणसाला ओळखता आलं नाही ते माशाला येईल म्हणता?"

मी त्यांना नमस्कार केला आणि घरी आलो.

एकेका माशाचा शेवट झाला. या वर्षी पाटील एकटा उरला. म्हातारा, रंग उडालेला, एका बाजूला कलून पोहणारा. वर्षभर तो दगडामागून फारसा निघालाच नव्हता.

आता शेवटची गोष्ट. आमच्याकडे सर्वपित्रीला दुपारी गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास सोडतात आणि गेलेल्या माणसाचं नाव घेतात. दादाची तिथी माहीत नाही म्हणून त्याचंही नाव त्याच दिवशी. तो माणूस येऊन गेल्यापासून मला ते नाव घेता येत नव्हतं. मेला असेल तर नाव न घेणं पाप, जिवंत असेल तर घेणं त्याहून मोठं. मी नुसते ओठ हलवायचो. वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही.

यंदा ठरवलं, की बस झालं. एकदा मोठ्यानं नाव घेऊन टाकायचं, म्हणजे हे संपेल. पुढच्या खोलीत निखारे ठेवले, तूप सोडलं, वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं. मग घास उचलला आणि म्हणालो, "गणपत —"

पाटील दगडामागून निघाला. सरळ पोहत होता, कललेला नव्हता. रस्त्याच्या दाराकडच्या टोकाला गेला, काचेला तोंड लावलं, आणि हळूहळू काचेलगत उजवीकडे येऊ लागला. माणूस जितक्या वेगानं चालेल तितक्याच वेगानं. माझ्या मागून, माझ्या आणि पेटीच्या मधून... काय ते मला माहीत नाही. दार उघडं होतं. खोलीत मी, समोर निखारे, आणि स्वयंपाकघराच्या दारात वहिनी. चौथं कुणी नव्हतं. पाटील उजव्या टोकाला आला आणि थांबला. ज्या भिंतीपाशी तो माणूस बसला होता, तिच्या समोर.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या माशाकडे पाहत होत्या.

"त्या दिशीबी असाच आल्ता," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "तुम्ही... पाहिलं होतं?"

"फटीतून दिसत होतं ना."

"मग बोलल्या काहून नाही?"

"मले कोणी इचारलं, भाऊजी? पंच तुमाले इचारत होते." त्यांची नजर माशावरच होती. "मले वाटलं, तुमीबी पाह्यलं. तुमी सांगान."

दादा गेल्यावर अकरा वर्षं त्या माझ्या घरात राहिल्या. त्यांतली पाच वर्षं त्यांना हे माहीत होतं, आणि त्यांनी रोज मला जेवायला वाढलं. मी मूर्खासारखं एवढंच म्हणालो, "पण मग हे आता काय आहे? तो मेला म्हणून आला, का..."

"मले नाही मालूम." त्यांनी पुढे येऊन माझ्या हातातला घास काढून घेतला. "पण त्यायचं नाव आता आगीत नोका टाकू. एक डाव टाकलं तेवढं पुरे झालं. जातानी 'येतो' म्हणून गेले ते."

मग त्यांनी त्या भिंतीपाशी पाट मांडला, पान वाढलं, तांब्या भरून ठेवला. जिवंत माणसाला वाढतात तसं.

मी काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा निखारे ठेवले. तूप सोडलं. धुरामुळे झालं असेल, निखाऱ्याची लाली काचेवर पडली असेल, घास दिसला असेल म्हणून सगळं एकेक करून पाहिलं. आठ दिवस. पाटील दगडामागे कलून पडून राहिला. आठव्या दिवशी वहिनी दारातून म्हणाल्या, "पुरे करा आता. म्हाताऱ्याले आराम करू द्या." मी चिमटा भिंतीवर फेकून मारला. चिडलो कुणावर, ते कळत नाही. एकदाच घडलेली गोष्ट सायन्समध्ये धरत नाहीत, असं मी वर्गात शिकवतो. आणि घरात मला दुसरं काही धरायला नाही.

वहिनी रोज दुपारी ते पान वाढतात. कुंकू लावा म्हणायचा अधिकार मला नाही, त्या लावत नाहीत. पाटील कधीकधी उजव्या टोकाला येऊन थांबतो, बहुतेक दिवशी येत नाही. कुठल्या दिवशी येईल याचा मला नियम सापडलेला नाही. मी तारखा मांडून पाहिल्या आहेत.

खाप्याला मी मागच्या महिन्यात जाऊन आलो. त्या पुरात तिथला एक रंगारी गेला होता का, म्हणून विचारलं. एक म्हातारी म्हणाली, गेला होता. दुसरा म्हणाला, तो तर आधीच गाव सोडून गेला होता. इथेही अर्धं जमलं, अर्धं जमलं नाही.

वाचकांपैकी कुणाला याचा उलगडा होत असेल तर जरूर लिहावं, मी वाद घालणार नाही. पण त्याआधी एक काम करावं. हे मासिक लांबवर जातं असं ऐकतो. रेल्वेच्या फलाटावर, एखाद्या धर्मशाळेत, कुठल्या मळ्यावर देवीचे व्रण असलेला, उजवा डोळा पांढरा असलेला, पन्नाशीचा माणूस भेटला आणि नागपूरचा आहे म्हणाला, तर त्याला माझं नाव सांगू नका. माझ्या नावानं तो येणार नाही, आणि येऊही नये. त्याला एवढंच सांगा, की दुपारचं पान वाढलेलं असतं. आणि पाटील अजून आहे, पण आता फार थकला आहे.